चप्पल घालून हात लाव!



होळी पेटून गेली की नागपुरात घरोघरी एक काम निघते. माळ्यावर किंवा गच्चीच्या कोपऱ्यात ठेवलेला कूलर खाली उतरवायचा, त्याची धूळ झटकायची, जुन्या ताट्या काढून नव्या बसवायच्या आणि खिडकीबाहेरच्या लोखंडी घोडीवर तो चढवायचा. पंखा फिरला, पंपाने पाणी वर चढवले, ताट्या भिजल्या आणि ओल्या गवतासारखा वास घरात आला, की उन्हाळ्याची तयारी झाली असे आपण समजतो.

आमच्या घरीही असेच चाले. त्या कूलरविषयी घरात एक सूचना सर्वांना पाठ होती : “त्याला चप्पल घालून हात लाव. जरा झिणझिण करतो.” एखाद्या तापट गृहस्थाविषयी बोलावे तसे आम्ही त्या यंत्राविषयी बोलत असू. त्याचा स्वभावच तसा, आपणच जपून वागावे ! एका मे महिन्यात पुण्याहून माझा मावसभाऊ आला. वय वर्षे दहा. ही सूचना त्याला कोणी दिली नव्हती. न्हाणीघरातून ओल्या पायांनी तो थेट कूलरच्या गार हवेपुढे गेला आणि त्याने पत्र्यावर हात टेकला. तो ओरडून मागे फेकला गेला. दैव बलवत्तर म्हणून तळहातावरच्या भाजल्याच्या खुणेवर निभावले. दुसऱ्या दिवशी वायरमनने प्लग उघडून दाखवला. कूलरमधून आलेली हिरवी तार प्लगमध्ये कोठेच जोडलेली नव्हती. ती कापून आत दडपून ठेवलेली होती.

सर्वांचेच दैव असे बलवत्तर नसते. विदर्भातील वर्तमानपत्रांत दर उन्हाळ्यात कूलरचा धक्का लागून माणूस दगावल्याच्या बातम्या येतात. त्यांत पाणी भरणाऱ्या गृहिणी असतात आणि तुमच्या वयाची मुलेही असतात. अशा बातमीत ‘दुर्दैवी अपघात’ हे शब्द हमखास असतात. यातील बहुतेक अपघात दुर्दैवी नसून टाळता येण्यासारखे आहेत, आणि ते टाळण्याची विद्या तुमच्या शाळेच्या पुस्तकात आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते का, हे आज पाहू.

नागपूरचे खास यंत्र

प्रथम कूलरची बाजू मांडली पाहिजे, कारण तो मोठा गुणी आहे. मे महिन्यातील दुपारी नागपूरचे तापमान ४३ अंश सेल्सिअस आणि हवेची सापेक्ष आर्द्रता १५ टक्के आहे असे धरा. इतक्या कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडते. एक किलोग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता लागते. हीच ती सुप्त उष्णता. ती ताट्यांतून जाणाऱ्या हवेतून घेतली जाते आणि हवा थंड होते. तापमापीच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून अशा दुपारी वारा घातला, तर पारा २२–२३ अंशांपर्यंत उतरतो. यापेक्षा गार हवा कूलर देऊ शकत नाही, पण चांगल्या ताट्यांचा कूलर त्या दिशेचे पाऊण अंतर तोडतो. म्हणजे बाहेर ४३ अंश असताना खोलीत २८ अंशांच्या आसपासचा वारा येतो. तोच कूलर मुंबईत नेला, तर तेथील ३४ अंशांच्या दमट हवेतून तो जेमतेम चार अंश कमी करील. दरवाजांवर वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी शिंपडण्याची आपली जुनी पद्धत आणि आजचा कूलर यांचे तत्त्व एकच आहे.

शिवाय वीज किती कमी ! पंखा आणि पंप मिळून साधारण २०० वॅट. दीड टनी वातानुकूलन यंत्राला सुमारे १,५०० वॅट लागतात. ज्या शहरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला, तेथे नवतपाचे दिवस ज्याच्या आधारावर काढायचे ते हे यंत्र. त्याला चैनीची वस्तू म्हणता येणार नाही. पाण्याचा नळ आणि दिवा यांच्याप्रमाणेच ते घराचे आवश्यक अंग आहे. म्हणूनच त्याच्याकडे अधिक लक्ष द्यावयास हवे.

मुंग्या कोठून येतात ?

आता हेच यंत्र विजेच्या दृष्टीने पाहा. पत्र्याची पेटी, तिच्या तळाशी पाणी, त्या पाण्यात विजेचा पंप, वर मोटर, सतत ओलावा. मोटरच्या गुंडाळीवरील रोधक लेप जुना होऊन तडकला किंवा तारेचे आवरण उंदराने कुरतडले, की विजेची तार पत्र्याला टेकते आणि सगळी पेटी २३० व्होल्टवर जाते. पंखा मात्र पूर्वीसारखाच फिरत राहतो. काही बिघडले आहे हे बाहेरून मुळीच कळत नाही.

अशा पेटीला हात लावला तर काय होईल ? ओहमचा नियम आठवा. प्रवाह म्हणजे दाब भागिले रोध. पायात रबरी चप्पल आणि हात कोरडा असेल तर एकूण रोध काही लाख ओहम असू शकतो. २३० ला २,३०,००० ने भागले की उत्तर येते एक हजारांश अँपिअर, म्हणजे १ मिलिअँपिअर. एवढ्या प्रवाहाने फक्त मुंग्या येतात. आता चप्पल काढा, हात-पाय ओले करा. शरीराचा रोध हजार ओहमपर्यंत घसरतो. २३० भागिले १,००० म्हणजे २३० मिलिअँपिअर. सुमारे १०० मिलिअँपिअरचा प्रवाह सेकंदभर छातीतून गेला, तरी हृदयाची लय बिघडून ते थांबू शकते.

येथे क्षणभर थांबून विचार करा. पत्र्यातील दोष दोन्ही वेळी तोच होता. ‘झिणझिण’ आणि मृत्यू यांत फरक पडला तो फक्त ओलाव्याचा. आणि कूलरजवळ ओलावा नसेल तर कोठे असेल ? पाणी भरताना एका हातात नळी, दुसरा हात पत्र्यावर आणि सांडलेल्या पाण्यात अनवाणी पाय, अशी आपली रोजची मुद्रा असते. “चप्पल घालून हात लाव” हा सल्ला म्हणजे दोष मान्य करून तो पुढच्या माणसासाठी राखून ठेवणे होय.

वितळतार कोणासाठी ?

“पण घरात फ्यूज आहे ना ?” असे तुम्ही विचाराल. आहे, पण वितळतार माणसासाठी बसवलेली नसते, ती तारांसाठी असते. ५ अँपिअरची वितळतार किंवा हल्लीचा खटक्याचा एमसीबी त्याहून बराच अधिक प्रवाह गेला तरच मंडल तोडतो. माणसाला मारण्यास ०.१ अँपिअर पुरतो. एवढा प्रवाह वितळतारेच्या खिजगणतीतही नसतो.

यासाठीच ती हिरवी तार असते. तिचे एक टोक पत्र्याला आणि दुसरे जमिनीत पुरलेल्या धातूच्या नळीला किंवा पत्र्याला जोडलेले असते. यालाच भूसंपर्कन किंवा बोलभाषेत अर्थिंग म्हणतात. या मार्गाचा रोध ५ ओहम असेल, तर दोष निर्माण होताच २३० भागिले ५ म्हणजे ४६ अँपिअरचा लोंढा जमिनीकडे धावतो, वितळतार तत्काळ वितळते आणि पेटी निर्धोक होते. तीन पिनांच्या प्लगची वरची पिन लांब असते ती याचसाठी. आत जाताना ती सर्वांआधी टेकते आणि निघताना सर्वांनंतर सुटते. ती काढून दोन पिनांवर यंत्र चालवणे म्हणजे गाडीचा ब्रेक काढून ठेवून “चालते की !” असे म्हणणे.

आता नागपूरची एक खास अडचण पाहा. भूसंपर्काचा रोध जमिनीतील ओलाव्यावर अवलंबून असतो. मे महिन्यात आपली काळी जमीन वाळून भेगाळते. खड्ड्यातील कोळसा आणि मीठही कोरडे पडते. रोध ५ ओहमवरून १०० ओहमवर गेला असे समजा. मग दोषप्रवाह फक्त २.३ अँपिअर. वितळतार वितळत नाही. पेटी दिवसच्या दिवस जिवंत राहते. तसेच सुमारे ५३० वॅट शक्ती जमिनीत वाया जाऊन दहा तासांत पाच युनिटांहून अधिक वीज बिलात चढते. म्हणजे ज्या महिन्यात कूलर सर्वांत जास्त चालतो, त्याच महिन्यात त्याचा रखवालदार सर्वांत दुबळा असतो ! उपाय अगदी साधा आहे. उन्हाळ्यात भूसंपर्काच्या खड्ड्यात आठवड्यातून एकदोनदा बादलीभर पाणी ओतावे आणि वर्षातून एकदा त्याचा रोध जाणत्या माणसाकडून मोजून घ्यावा. भूसंपर्कनाचे नियम सांगणारे आयएस ३०४३ हे भारतीय मानक उपलब्ध आहे. परंतु तुमच्या घराचा खड्डा कोठे आहे हे घरातील किती जणांना ठाऊक आहे ?

सुधारणेतून आलेला धोका

काही जुन्या घरांत वेगळा खड्डा नसेच. हिरवी तार सरळ पाण्याच्या लोखंडी नळाला बांधत. नळ जमिनीत दूरवर गेलेला असल्याने काम भागत असे. पुढे नळ बदलले. नागपुरात २०१२ पासून चोवीस तास पाणीपुरवठ्याच्या योजनेत जुन्या गंजक्या नळजोडण्या काढून प्लास्टिकच्या नळ्या टाकण्यात आल्या. पाण्याच्या दृष्टीने ही सुधारणाच होती, कारण प्लास्टिक गंजत नाही आणि गळतीही कमी होते. परंतु प्लास्टिक विद्युतरोधक आहे. ज्या घराची हिरवी तार त्या नळाला बांधलेली असेल, तिचा जमिनीशी संबंध त्याच दिवशी तुटला. तार दिसते जागच्या जागी, पण ती कोठेच जात नाही. याहून वाईट म्हणजे एका यंत्रात दोष झाला तर ती तार आता घरातील सगळ्या नळांवर वीज आणून ठेवू शकते.

घराच्या व्यवस्था एकमेकींत गुंतलेल्या असतात. एक बदलली की दुसरी तपासली पाहिजे. प्लंबर वायरमनला विचारत नाही आणि वायरमन प्लंबरला विचारत नाही. म्हणून घरात राहणाऱ्यानेच विचारले पाहिजे.

दक्ष पहारेकरी

अमेरिकेत बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात चार्ल्स डाल्झिएल नावाचे प्राध्यापक होते. विजेचा किती प्रवाह माणूस सहन करू शकतो, हे त्यांनी स्वेच्छेने पुढे आलेल्या लोकांवर, काळजी घेऊन, मोजले. हाताच्या स्नायूंना आकडी येऊन पकडलेली तार सोडवता येत नाही अशी मर्यादा पुरुषांत सरासरी १६ आणि स्त्रियांत सुमारे साडेदहा मिलिअँपिअर आढळली. लहान मुलांची मर्यादा त्याहून कमी असणार हे उघड आहे. पुढे १९६१ मध्ये त्यांनी असे साधन तयार केले, की जे जाणारा आणि परत येणारा प्रवाह सतत तोलून पाहते. दोन्ही सारखे असतील तर सर्व ठीक. थोडा जरी प्रवाह वाटेत, म्हणजे एखाद्याच्या शरीरातून, जमिनीत गेला तर तराजू बिघडतो आणि मंडल तुटते.

या तत्त्वावरचे आपल्याकडील साधन म्हणजे आरसीसीबी. घरासाठी ते ३० मिलिअँपिअरचे घेतात. आपल्या उदाहरणातील २३० मिलिअँपिअरचा प्रवाह वाहू लागला, तर ते एका सेकंदाच्या सुमारे पंचविसाव्या भागात वीज तोडते. धक्का बसतो, पण बहुधा जीव वाचतो. मात्र एकाच वेळी दोन्ही तारांना हात लागला तर हे साधन काही करू शकत नाही, कारण तेव्हा प्रवाहाचा तोल ढळत नाही. म्हणून ते भूसंपर्काच्या जोडीला हवे, त्याच्या बदल्यात नव्हे.

यावर दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला खर्चाचा. हे साधन एका साध्या कूलरपेक्षा स्वस्त मिळते आणि सगळ्या घराला पुरते. दुसरा आक्षेप असा, की “ते सारखे पडते हो, म्हणून काढून टाकले.” सारखे पडते याचा अर्थ कोठेतरी प्रवाह सारखा झिरपतो आहे. कुत्रा भुंकतो म्हणून त्याला हाकलून द्यायचे आणि चोराला घरात राहू द्यायचे, यातला हा प्रकार झाला. भाड्याच्या घरात तिसरा प्रश्न येतो : खर्च कोणी करावा, घरमालकाने की भाडेकरूने ? माझ्या मते भिंतीतील तारा, भूसंपर्क आणि आरसीसीबी यांची जबाबदारी घरमालकाची असावी. छप्पर गळू नये ही जशी असते तशीच. परंतु त्यांचा निकाल लागेपर्यंत कूलरने थांबावे. माणसाने धोक्यात राहू नये.

टाकीतील आठवडा

कूलरची दुसरी निगा पाण्याची. तासाला ३ हजार घनमीटर हवा फेकणारा मोठा कूलर भर दुपारी तासाला २० लिटरपर्यंत पाणी पितो. आठ तासांचे झाले १६० लिटर. शहरी पाणीयोजनांत माणशी रोज १३५ लिटर धरतात. म्हणजे कूलर हा घरातील एक वाढीव माणूसच ! वाफ होऊन जाते ते शुद्ध पाणी, क्षार मात्र मागे राहतात. टाकीतले पाणी दिवसेंदिवस अधिक खारट होते, ताट्यांवर पांढरी पुटे चढतात, हवा अडते आणि “कूलर म्हातारा झाला” असे म्हणून आपण नवा आणायला निघतो. शिवाय खारट पाणी विजेचे अधिक चांगले वाहक असते, हेही विसरू नका.

त्याच टाकीत डेंग्यू पसरवणारा एडिस डास अंडी घालतो. अंड्यापासून उडता डास होण्यास उन्हाळी हवामानात सुमारे आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळावा असे सांगतात. परंतु नुसते पाणी ओतून देणे पुरत नाही. अंडी टाकीच्या भिंतीला पाण्याच्या रेषेलगत चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही महिनोन्‌महिने टिकतात. भिंत घासलीच पाहिजे. आणि पावसाळा लागल्यावर दिवाळीपर्यंत खिडकीत तसाच राहणारा, पावसाच्या पाण्याने भरलेला कूलर ही तर डासांची फुकट धर्मशाळाच आहे.

नवे आणले म्हणजे भागले ?

“आम्ही आता एसीच घेणार आहोत,” असे काही जण म्हणतील. अवश्य घ्या. पण जुन्या घरातील जुन्याच तारांवर एसी, गीझर आणि विजेची शेगडी एकदम चालू लागली, की तारांतून जाणारा प्रवाह वाढतो. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. प्रवाह दुप्पट तर उष्णता चौपट. भिंतीआडचे आवरण हळूहळू भाजते आणि एके दिवशी पेट घेते. यंत्र नवे झाले, पण घर जुनेच राहिले.

नुसते उपकरण असून भागत नाही, याचा धडा नागपूरने सर्व देशाला दिला आहे. मे २०२४ च्या अखेरीस येथील एका स्वयंचलित हवामान केंद्राने तापमान ५६ अंश दाखवले. बातमी देशभर गाजली. तपासाअंती हवामान खात्याने सांगितले, की संवेदकच नीट काम करीत नव्हता. जे केंद्राचे, तेच घरातील प्रत्येक यंत्राचे. निगा नसेल तर ते आपल्याला फसवते.

घर आधुनिक आहे की नाही हे दिवाणखान्यातील वस्तूंवरून ठरवू नये, असे मला वाटते. जमिनीतल्या खड्ड्यावरून, मुख्य फळीवरील त्या लहान साधनावरून आणि टाकीच्या स्वच्छ भिंतीवरून ठरवावे. नव्या वस्तूसाठी पैसे साठवत असाल तर पहिला रुपया या तीन ठिकाणी जावा. पाहुण्यांना यातले काहीच दिसणार नाही, हे खरे. त्यामुळेच ते मागे पडते.

तुम्ही काय करू शकाल ?

विजेच्या दुरुस्तीला तुम्ही हात लावू नये. ते परवानाधारक वायरमनचे काम. पण पाहणे आणि विचारणे तुमचे काम आहे. कूलरच्या प्लगला तीन पिना आहेत का ? मुख्य फळीवर ‘टी’ अक्षराचे चाचणीबटण असलेले साधन आहे का ? असल्यास महिन्यातून एकदा मोठ्यांच्या देखत ते बटण दाबून पाहावे. वीज गेली तर पहारेकरी जागा आहे, न गेली तर तो झोपला आहे. भूसंपर्काचा खड्डा कोठे आहे ? हिरवी तार नळाला तर बांधलेली नाही ना ? आणि सर्वांत महत्त्वाचा नियम : कूलरमध्ये पाणी भरण्यापूर्वी नुसते बटण बंद करून थांबू नका, प्लगच काढा. कोणाला धक्का बसलेला दिसला तर त्याला हात लावू नका. आधी मुख्य खटका बंद करा. ते जमले नाही तर कोरड्या लाकडी काठीने तार दूर सारा, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

आपल्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदशेकणी होते. वर्षभर जोखड जेथे घासले त्या खांद्याला हळद आणि तूप लावून चोळतात. झूल आणि शिंगांचे रंग दुसऱ्या दिवशी. आधी जेथे झीज झाली तेथे हात जातो. ज्याने ही रीत घातली त्या शेतकऱ्याला निगा म्हणजे काय ते नेमके समजले होते. होळी आणि गुढीपाडवा यांच्या मधल्या पंधरवड्यात घरातल्या यंत्रांची अशीच एक खांदशेकणी व्हावी, आणि तिची आठवण मोठ्यांना तुम्ही करून द्यावी.

विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, ते येथील उन्हामुळे. तेवढे जास्तीचे दिवस तुम्ही कूलरसमोर काढणार आहात. तेव्हा या वर्षी घरात कोणी “चप्पल घालून हात लाव” असे म्हणाले, तर चप्पल आणायला जाऊ नका. प्लग काढा आणि वायरमनला बोलवायला सांगा.